पॅलेडियम आणि कोरा कोसा

साकोली,
६ ऑगस्ट २०१८

कुंदनदादा,

पत्र फाडायच्या आधी एवढं वाच, मी भांडायला लिहीत नाही. भांडायचं असतं तर बस पकडून आले असते, साकोलीहून पवनी काही सातासमुद्रापार नाही. पण तू दुकानाची पायरी चढू नको म्हणालास, फोन उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर तर मला बंदच करून टाकलंस. राहिलं पोस्ट. पोस्टमन काही तुझं ऐकत नाही.

आई सांगत होती, बाजारात कुणीतरी तुला तोंडावर म्हणालं, "तुमच्या बहिणीनं पीएचडीत आकडे बनवले म्हणे." आणि तू गल्ल्यावर नुसता बसून राहिलास. मला त्या माणसाचा राग आला नाही, त्याला जीभ आहे आणि रिकामा वेळ आहे. तुझा आला. भांडण आपल्या जागी, पण "माझी बहीण तशी नाही" एवढं म्हणायला काय तुझ्या बापाचं जात होतं? बाप तर माझाही तोच.

तर ऐक, मी काय करते ते. तू कधी विचारलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही.

मी गॅस हुंगणारा सेन्सर बनवते. नखाएवढ्या पांढऱ्या चकतीवर कथिलाच्या ऑक्साईडचा लेप असतो. त्याचे दाणे इतके बारीक असतात की केसाच्या जाडीत हजारो मावतील. चकतीखाली इवलासा हीटर. सिलिंडर गळला की तो गॅस तापलेल्या लेपावर येतो, लेपातून वीज सहज वाहायला लागते आणि डब्यातला भोंगा वाजतो. नुसतं कथिल असेल तर फार तापवावं लागतं, बॅटरी टिकत नाही. म्हणून त्या दाण्यांवर पॅलेडियम नावाच्या धातूचे आणखी बारीक कण बसवायचे. दुधाला विरजण लावतात ना, तसं. चिमूटभर पुरतं, स्वतः खर्ची पडत नाही, आणि सगळं काम थोड्या उष्णतेत होतं. जास्त पडलं की कणांचे गोळे होतात, कमी पडलं की काहीच होत नाही. ते प्रमाण शोधण्यात माझी तिशी गेली. तुम्ही सगळे मला नवरा शोधत होतात, तेव्हा मी हे शोधत होते.

बाबा होते तेव्हा हे सेन्सर महिनोन्‌महिने टिकायचे. त्यावर माझा लेख छापून आला, बाबांनी तो इंग्रजी न कळता चष्मा लावून बघितला होता. आता बनवलेले सगळे मरतात. तीच पावडर, तीच भट्टी, तोच हात. नागपूरला युनिव्हर्सिटीत बनवते तेव्हा ठणठणीत असतात. बांधून इथे कॉलेजात आणते, दोन-चार दिवस चालवते आणि मग गॅस सोडला तरी ढिम्म. मे महिन्यात पीएचडीच्या समितीपुढे चालवून दाखवायचे होते, तिथेही ढिम्म. बाहेरून आलेले एक तज्ज्ञ चहा पीत म्हणाले, "मॅडम, भंडाऱ्यात धानासोबत आकडेही पिकतात वाटतं." सगळे हसले. माझे गाईडही हसले, ते जास्त लागलं.

डिसेंबरात शेवटचं सेमिनार आहे. तोवर सेन्सर चालवून दाखवायचे, नाहीतर का मरतात ते सांगायचं. दोन्ही जमलं नाही तर माझं रजिस्ट्रेशन रद्द होईल आणि छापलेला लेखही मागे घ्यावा लागेल. म्हणजे मी खोटी, हे कागदोपत्री.

एक काम आहे. आईने साकोलीला येणाऱ्या शेजारच्या गिरजाबाईंच्या हाती पाठवलेले कोऱ्या कोसा रेशमाचे तुकडे संपले. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. नवी वस्तू पहिल्यांदा उंबरा ओलांडणार असेल तर मागावरून उतरलेल्या कोऱ्या कोशात बांधून न्यायची. बाबांनी माझी दहावीची मार्कशीटसुद्धा तशीच नेली होती. मी दरवेळी सेन्सर तसेच बांधते. हसू नको. कोसा धूळ धरत नाही, हे शास्त्रीय कारणही आहे. तर तुकडे पाठव. काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

रुचिका


साकोली,
२ सप्टेंबर २०१८

कुंदनदादा,

तुकडे मागितले तर तू अख्खा वार पाठवलास, तोही दुकानातला सगळ्यात उंची. गिरजाबाई म्हणाल्या, "कुंदननं सोता कापून देल्ला, काही बोलला नाही पण." तेच तर. तू काही बोलत नाहीस आणि कापड असं पाठवतोस की माणसाला धड रागावताही येऊ नये.

कापड सुंदर आहे. हाताला लोण्यासारखं लागतं. बाबांच्या मागावरचा कोसा असा नव्हता, अंगाला थोडा खरखरीत लागायचा. तू हात बसवलास म्हणायचा.

पण या वेळचे सेन्सर आधीपेक्षाही लवकर मेले.

मी आता वेडी व्हायची बाकी आहे. आधी पावसाळ्याच्या ओलीवर संशय घेतला. चुनकळीवर वाळवलेल्या हवेत ठेवले, तरी मेले. मग वाटलं, सिलिंडरच्या गॅसला वास यावा म्हणून गंधकाचं काहीतरी मिसळतात, ते पॅलेडियमला बाधत असेल. म्हणून काही सेन्सरना गॅस दाखवलाच नाही, नुसते तापवत ठेवले. तेही मेले. मग इथल्या विजेवर खापर फोडलं, बॅटरीवर चालवले, तेच. पॅलेडियमचं मीठ भेसळीचं असेल म्हणून नवी बाटली मागवली. सोन्याच्या भावाची चीज, प्राचार्यांनी सही करताना माझ्याकडे असं बघितलं की मी ती भाजीत घालणार आहे.

गाईड सरांना फोन केला. म्हणाले, "रुचिका, एखाद्या वेळी पहिलेच आकडे चुकीचे असू शकतात, मान्य करायला काय हरकत आहे?" हरकत ही आहे की ते चुकीचे नव्हते! मी स्वतः मीटरसमोर बसून घेतलेत. बाबा आजारी होते, तेव्हासुद्धा दवाखान्यातून येऊन घेतलेत.

नागझिऱ्याच्या वाटेवर एक शाळा आहे, तिथे पोषण आहाराच्या खोलीत मी माझा एक डबा लावला होता. मागच्या आठवड्यात तिथे सिलिंडरची नळी गळली. डबा गप्प. खिचडी शिजवणाऱ्या पंचफुलाबाईंना वास आला आणि त्यांनी कॉक बंद केला म्हणून निभावलं. मी गेले तर म्हणाल्या, "बाई, तुमचा डबा झोपूनच राहिला जी. मले वास नसता आला तं?" मी डबा काढून आणला. भिंतीवर त्याच्या खिळ्याची भोकं तेवढी राहिली आहेत. मुलं जेवायला बसली होती आणि मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

तुला हे कशाला लिहिते कोण जाणे. आईला लिहिलं तर ती रडते.

रुचिका


साकोली,
१४ ऑक्टोबर २०१८

कुंदनदादा,

हे पत्र नीट वाच. दुकान बंद झाल्यावर वाच, गिऱ्हाईक समोर असताना नको.

मला सापडलं.

नागपूरहून एकाच घाण्यातले सेन्सर आणले. घाईत निघाले, सगळे बांधायला कापड पुरलं नाही. निम्मे तू पाठवलेल्या कोशात बांधले, निम्मे माझ्या जेवणाच्या स्टीलच्या डब्यात टाकले. इथे येऊन सगळे तापवले. डब्यातले अजून चालतायत. कोशातले मेले.

मी पेटीतून बाबांचं जुनं सोवळं काढलं. त्याची चिंधी फाडली, हो, फाडली, आईला सांगू नकोस. पुढचे सेन्सर तीन ठिकाणी ठेवले. काही डब्यात, काही बाबांच्या चिंधीत, काही तुझ्या कापडात. बाबांच्या चिंधीतले जिवंत आहेत. तुझ्या कापडातले मेले. परत केलं, परत तेच.

म्हणजे दोष कोशाचा नाही. कोशावर जे लावलंय त्याचा आहे. बाबा तांदळाच्या पेजेची खळ द्यायचे, दुसरं काही नाही. तू काय लावतोस?

पुस्तकं चाळली. कापड मऊ आणि चकचकीत करायला एक सिलिकॉनचं पाणी मिळतं. त्यातली थोडी वाफ कापडातून हळूहळू सुटत राहते. आपल्या नाकाला कळतही नाही. ती सेन्सरच्या दाण्यांवर बसते. मग मी हीटर लावला की ती त्या पॅलेडियमवरच आधी जळते, आणि जळून मागे वाळूच्या जातीची, काचेसारखी साल ठेवते. विरजणावरच काच चढली तर दही लागणार कसं? पॅलेडियम जितकं चांगलं बसलेलं, तितकं ते आधी मरतं. माझी मेहनतच माझ्या मुळावर आली.

आणि बांधत कोण होतं? मीच. देवाचं नाव घेऊन, गाठ मारून. नागपुरातल्या एकाही पोराचे सेन्सर मेले नाहीत, कारण ते प्लास्टिकच्या डबीत नेतात. त्यांच्या घरी ही रीत नाही.

मला एकच गोष्ट हवी आहे, दादा. तू कापडाला काय लावतोस त्याचं नाव. बस. पुस्तकातलं अनुमान समितीपुढे चालत नाही, ते म्हणतील, मॅडम आता कापडावर ढकलतायत. नाव कळलं तर ते पाणी आणून, मोजून, मी त्यांच्या डोळ्यांदेखत सेन्सर मारून दाखवीन. एका ओळीचं उत्तर आहे. कार्डावर लिही, कागदाच्या कपट्यावर लिही, गिरजाबाईंच्या कानात सांग.

वाट बघते.

रुचिका


साकोली,
१२ नोव्हेंबर २०१८

कुंदनदादा,

तुझी भाऊबीज मिळाली. मी एका शब्दाचं उत्तर मागितलं आणि तू सहावारी साडी पाठवलीस. वा रे भाऊ! ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते हेच का?

साडी सुरेख आहे. मोतिया रंग, काठाला रुद्राक्षाची नक्षी. आई म्हणत होती, तू स्वतः निवडलीस. मी ती अंगाला लावून आरशात बघितली, खोटं कशाला बोलू. मग घडीतून कागदाचं लेबल खाली पडलं. 'अस्सल हातमाग. संपूर्ण रसायनमुक्त.'

दादा, मी त्या साडीचा पदर कापला.

हो, तुझ्या भाऊबीजेच्या साडीचा पदर. वीतभर कापून त्यात सेन्सर बांधले. दोन दिवसांत मेले. आता तू म्हणशील, ही बाई आहे की कसाई. पण मला दुसरा काय मार्ग ठेवलास? ओवाळणीत उत्तर पाठवलं असतंस तर साडी शाबूत राहिली असती.

मला माहीत आहे, तू का गप्प आहेस. दुकानाच्या उद्घाटनाच्या दिवशी नागपूरच्या त्या गिऱ्हाईक बाईंनी विचारलं, कोसा इथलाच ना, आणि मी बोलून गेले की आडवा बाणा इथला, उभा ताणा बाहेरदेशाचा. त्या बाई उठून गेल्या. तू सगळ्यांसमोर मला म्हणालास, "तुले तोंड आवरता येत नाही तं या दुकानाची पायरी चढू नको." मी तेव्हाही खोटं बोलले नव्हते आणि आजही मला त्याचं काही वाटत नाही. पण आता तुला वाटतंय, नाव हिच्या हाती दिलं की ही जगभर वाजवणार, आणि मग पाटीवरचं 'रसायनमुक्त' काय करायचं.

बरोबर आहे ना? चोराच्या मनात चांदणं.

मी तुझ्या दुकानावर उठलेली नाही. सगळेच लावतात, लोकांना चमक पाहिजे, तूही पोटासाठी करतोस. पण तुझ्या पाटीसाठी मी खोटी ठरायचं का? उत्तर दे. शिव्या घाल, पण उत्तर दे. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं माणसाने!

साडी परत पाठवणार होते. नाही पाठवत. पदर कापलेली साडी तुला पाठवली तर आई समजेल की माझं डोकं फिरलं.

रुचिका


साकोली,
३ डिसेंबर २०१८

कुंदनदादा,

काल टीनावहिनीचा फोन आला. तू आंघोळीला गेला होतास म्हणे, म्हणून तिने केला. घरात दोन वर्षांनी माझं नाव निघालं, तेही नळाच्या आवाजाआड.

म्हणाली, "ताई, तुमचं पत्र येते तं हे वाचते, घडी करते अन् खिशात ठेवते. मग दिवसभर बोलत नाही. आता तुमीच सांगा, मी कोणासंग बोलू?"

मी म्हटलं, "वहिनी, दादा कापडाला काय लावतो ते तुला माहीत आहे का?"

"निळा कॅन हाय जी. त्याच्यावर नावच नाही. नागपूरचा माणूस देऊन जाते, सारेच घेते त्याच्यापासून. यायनं इचारलं त्याले, दोनदा इचारलं. तो म्हणे तुमाले चमक पाहिजे का नाव पाहिजे? मंग माल बंद करू का?"

म्हणजे तू विचारलं होतंस.

मग मला का नाही सांगितलंस? "मला माहीत नाही, विचारतोय" एवढं कार्डावर लिहायला तुझा हात झडला असता का? मी इथे तुला चोर ठरवून मोकळी झाले, आणि तू नागपूरच्या माणसाकडून बोलणी खात होतास. आपल्या घरात हेच. बाबा आजारी पडले तेही आपल्याला दवाखान्यात नेल्यावर कळलं. सगळं पोटात ठेवायचं, आणि मग बाकीच्यांनी आपसात अंदाज लावत बसायचं.

वहिनी शेवटी म्हणाली, "ताई, आता लग्नाचे ऑर्डर हायत. दुकानाचं नाव निघालं तं आमी कुठी जावं?" तिने रडू दाबलं, मला ऐकू आलं.

सेमिनार १९ तारखेला आहे, सकाळी, युनिव्हर्सिटीतल्या आमच्याच विभागात. मी असं ठरवलंय. स्टीलचा डबा, बाबांची चिंधी आणि दुकानाचं कापड, तिन्हीचे आलेख दाखवणार. कापडावर काहीतरी आहे एवढं म्हणणार. काय आहे ते मला माहीत नाही, आणि कुणाचं आहे ते मी आपणहून सांगणार नाही. पण कुणी सरळ विचारलं तर खोटंही बोलणार नाही, हे तुला आधीच सांगून ठेवते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला दोष देऊ?

ते मानणार नाहीत, हे मला आत्ताच दिसतंय. त्या तज्ज्ञांचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आहे.

वहिनीवर रागावू नकोस. तिने फोन केला म्हणून मी निदान झोपले तरी.

रुचिका


साकोली,
२१ डिसेंबर २०१८

दादा,

तुला कुणी बोलावलं होतं?

मी तारीख लिहिली ती तुला माहीत असावी म्हणून, यायला नाही. मी पडद्यासमोर उभी, पहिला आलेख लावलेला, आणि बघते तर शेवटच्या रांगेत तू. स्वेटर घातलेला, मांडीवर पिशवी, भोवती एमएस्सीची पोरं. मला वाटलं, आई गेली. दुसरं काय वाटणार? तू सरळ मान हलवून 'नाही' केलंस, म्हणून पुढे बोलू शकले.

मग त्या तज्ज्ञांनी विचारलं. तू ऐकलंसच, पण मला ते परत लिहू दे, कारण मी अजून तिथेच उभी आहे.

"मॅडम, कापडावर काहीतरी आहे म्हणता. पुरावा?"

मी म्हटलं, आलेख.

"आलेख मागच्या वेळीही होते. कापड कुठलं? विकत घेतलं? कुणाकडून?"

सरळ विचारलं होतं, दादा. सरळ विचारलं तर खोटं बोलणार नाही असं तुला लिहिलं होतं ना? खोटं बोलले नाही. मी बोललेच नाही. तोंडात दुकानाचं नाव आलं होतं. मी तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गाईड सर म्हणाले, "रुचिका, उत्तर दे." ते तज्ज्ञ पेनाचं टोपण लावायला लागले. मला कळलं, संपलं. जिचं तोंड आवरत नाही म्हणून तू मला घराबाहेर ठेवलंस, ती मीच का ही, असं मला वाटत होतं.

मग तू उठलास. खुर्ची केवढ्याने वाजली!

"साहेब, कापड माह्या दुकानातलं हाय. पवनीले दुकान हाय माह्यं. हे पाणी मीच लावतो त्याले." आणि पिशवीतून निळा कॅन काढून पुढच्या टेबलावर आणून ठेवलास. "नाव मले माहीत नाही. इचारलं तं देणाऱ्यानं सांगतलं नाही. तुमी तपासून पाहा."

ते म्हणाले, "तुम्ही कोण?"

"मी हिचा भाऊ. दुकानाच्या पाटीवर रसायनमुक्त लिहिलं हाय, ते खोटं हाय. हिचे आकडे खोटे नाही."

एवढं बोललास, हात जोडलेस आणि निघून गेलास. बाजारात त्या माणसापुढे एक शब्द निघाला नव्हता तुझ्या तोंडून, आणि इथे अख्ख्या युनिव्हर्सिटीपुढे स्वतःच्या तोंडाने स्वतःची पाटी उतरवलीस. पवनीची दोन पोरं शिकतात तिथे, रात्रीपर्यंत बाजारभर झालं असेल, तुला कळत नव्हतं का? कळत होतं. म्हणूनच मला राग आहे. इतकं करायचं होतं तर आधी मला दोन शब्द बोलायचे होतेस. मी हे असं मागितलं होतं का तुला? मी नाव मागितलं होतं, पाण्याचं. तुझं नाही.

तू गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही, ते ऐक. त्या तज्ज्ञांनी कॅन उघडून वास घेतला, वास कसला येणार, मग पेनाचं टोपण काढून परत लिहायला घेतलं. कॅनमधलं पाणी तपासायला पाठवलंय. ते त्यांच्या समोर लावून मी प्रयोग परत करायचा आहे. तोवर रजिस्ट्रेशन रद्द नाही, लेखही मागे घ्यायचा नाही. माफी बिफी कुणी मागितली नाही. गाईड सर जिन्यात म्हणाले, "कापडात बांधतेस हे आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, सर, तुम्ही टिफिन कशात बांधता हे मला कधी सांगितलंत का?

पण हे सगळं नंतर. आधी मी सगळं टाकून तुझ्यामागे धावले. पायऱ्या, फाटक, ऑटो, त्या ऑटोवाल्याला काय काय बोलले देव जाणे. स्टँडवर पवनीची गाडी मागे घेत होते. तू खिडकीत होतास. मी खालून "दादा" म्हणून अशी ओरडले की शेंगा विकणारी बाईसुद्धा वळली. मला तुझ्याशी भांडायचं होतं. विचारायचं होतं, की ज्यांना तू ओळखत नाहीस त्यांना सांगतोस मी खोटी नाही म्हणून, मग दोन वर्षांत मला एकदा सांगायला काय झालं होतं? आता दुकानाचं काय? टीनावहिनीला काय सांगून आलास?

तू खिडकीतून वाकून बघितलंस. म्हणालास, "जेवली का?"

आणि गाडी निघाली.

काल आईचा फोन आला होता. तू सकाळी शिडी लावून पाटीवरचा तो शब्द स्वतः खरवडून काढलास म्हणे. लग्नाच्या ऑर्डरपैकी दोन परत गेल्या. वहिनी तुझ्याशी बोलत नाही. निळ्या कॅनवाला माल देणार नाही म्हणाला, आणि तू त्याला चहा पाजून पाठवलंस. मला काय करता येईल ते मला कळत नाही, दादा. मी सेन्सर बनवते, मला दुकान चालवता येत नाही. सुट्टीत येऊन वहिनीच्या शिव्या खाईन, एवढं येतं मला.

पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं ते देते. नाही, जेवले नव्हते. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. तू गेल्यावर स्टँडवरच त्या बाईकडून शेंगा घेतल्या आणि उभ्यानेच खाल्ल्या, डोळे पुसत.

तू पवनीहून पहाटे निघाला असशील. तू जेवला होतास का?

या तरी पत्राचं उत्तर दे.

रुचिका